उंटावरचे शहाणे, जरा खाली उतरा

काल पुन्हा तेच झालं. सव्वा तास उलटला, टेबलावर पहिल्या महायुद्धातल्या हवाई लढाईच्या खेळाची चार चिमुकली विमानं, आणि एकाचीही बंदूक अजून वाजलेली नाही. त्या काळच्या खऱ्या फॉकर ट्रायप्लेनच्या, म्हणजे तीन पंखांच्या जर्मन विमानाच्या, टाकीत साधारण दीड तासाचं पेट्रोल मावायचं. म्हणजे आमची मंडळी शत्रूचं तोंडही न बघता माघारी फिरायच्या बेताला आली होती. आणि या नव्यांना खेळवायला मी मधे उभी, हातात मोजपट्टी, घसा बसलेला.

लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते. हा खेळ अवघड नाही. नाहीच आहे. आंद्रेआ अँजोलिनो आणि पिएर जॉर्जो पालिया या दोन इटालियन माणसांचा ‘विंग्ज ऑफ वॉर’ २००४ साली आला, पुढे त्याचं नाव ‘विंग्ज ऑफ ग्लोरी’ झालं, आणि त्याची सगळी करामत हीच की विमान उडवायला आकडेमोड लागत नाही. आपल्या विमानाच्या गठ्ठ्यातून तीन पानं निवडायची, समोर पालथी ठेवायची. सगळ्यांनी एकदम पहिलं पान उलटायचं. पानावर बाण काढलेला आहे. पान बेसच्या, म्हणजे विमानाखालच्या बैठकीच्या, पुढे लावा, विमान उचला, बाणाच्या टोकाशी नेऊन ठेवा. मग पट्टी लावा. शत्रू माऱ्याच्या कोनात आणि पट्टीच्या टप्प्यात असेल तर गोळी लागली. जवळच्या अर्ध्या पट्टीत असेल तर त्यानं नुकसानीची दोन पानं उचलायची, लांबच्या अर्ध्यात असेल तर एक. मग दुसरं पान, मग तिसरं. झालं की! एवढं सांगायला मला चार मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघितलंय.

मग सव्वा तास जातो कुठे?

थोडा जातो लाल विमानात. चौघांनाही तेच हवं असतं, जर्मन वैमानिक रिख्टहोफेनचं. ‘रेड बॅरन!’ असं ओरडत दोन-दोन हात एकदम झेपावतात आणि माझ्या काळजाचा ठोका चुकतो, कारण त्या तीन पंखांमधल्या दांड्या काडेपेटीतल्या काडीहून बारीक आहेत आणि मी त्या एकदा चिमट्यानं धरून चिकटवल्या आहेत. अरे, विमान बेसला धरून उचला! पंखाला धरू नका, शेपटीला तर नकोच नको. मांजराचं पिल्लू आहे का ते? बरं, त्या माणसानं ८० विमानं पाडली त्यातली जेमतेम वीसेक या तिपंखीतून. बाकीची बहुतेक अल्बाट्रोस या दुसऱ्या जर्मन विमानातून. पण अल्बाट्रोस पुढे केलं की चेहरे असे पडतात, जसं काही मी त्यांना मालगाडीचा डबा दिला.

थोडा जातो फोनमध्ये. त्याबद्दल मी बोलतच नाही.

बराचसा जातो पश्चात्तापात. पान पालथं ठेवलं म्हणजे ठेवलं ना? “तिसरं बदलू का? तो आता इकडे आलाय.” अहो, तो इकडे येईल हेच तर ओळखायचं होतं! अख्खा खेळ त्या एका गोष्टीवर उभा आहे. शत्रू आत्ता कुठे आहे हे बघून उपयोग नाही, तीन पानांनंतर तो कुठे असेल तिथे आपलं नाक हवं. नवा माणूस समोर विमान दिसलं की सरळ त्याच्यावर धावतो, तिथे पोचतो तेव्हा तो गडी त्याच्या शेपटीमागे. मग हा माझ्याकडे असा बघतो की जणू मीच फितूर झाले.

आणि इमेलमान, म्हणजे विमान जागच्या जागी उलट दिशेला फिरवायची चाल! कुठून तरी ऐकलेलं असतं आणि पहिल्याच फेरीत तो मारायचा असतो. मार बाबा, मार. पण त्याच्या आधी एक सरळ पान लागतं आणि नंतरही एक सरळ पान लागतं. म्हणजे ते पान उलटलं की तुझं पुढचं पान काय असणार हे टेबलावर सगळ्यांना कळलं. काल एकानं तेवढ्यासाठी टेबलाच्या काठाला जाऊन तोंड फिरवायचं ठरवलं, अंदाज चुकला, आणि बेसचा मधला ठिपका काठाबाहेर गेला. बाद. एकही गोळी न खाता. “पण मी परत येणार होतो ना!” येणार होतास रे.

दुसऱ्या दोघांनी, एकाच बाजूच्या, एकाच शत्रूमागे धावत आपापली विमानं एकमेकांवर चढवली. सगळे हसले. मी याला मात्र हसत नाही. ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकानं १९१६ मध्ये हवाई लढाईचे आठ नियम लिहून दिले, रिख्टहोफेन त्याच्याच हाताखाली तयार झाला. एका शत्रूवर दोघांनी मिळून जाऊ नका, असं त्याच नियमांत आहे. आणि हा बोल्के गेला कसा? २८ ऑक्टोबर १९१६ ला, एका सावजामागे धावताना, आपल्याच साथीदाराच्या विमानाची चाकं त्याच्या वरच्या पंखावर आदळून. नियम ज्यानं लिहिले त्याची ही गत, तर पहिल्यांदा पत्ते हातात धरलेल्या पोरांना मी काय बोलणार?

खरंच सांगते, नव्यांवर माझा राग टिकतच नाही. चुकू देत की. चुकायलाच आलेत ते.

राग आहे तो दुसऱ्यांवर. काल टेबलाभोवती खेळायला बसले होते चार आणि बघायला उभे होते पाच. त्या उभ्या पाचांवर. यांना खेळ येतो. सगळा येतो. यांच्याकडे स्वतःची विमानं आहेत, रंगवलेली, डब्यात कापसात ठेवलेली. पण नव्यांना खेळवायला कोण येणार असं विचारलं की एकेकाला कामं आठवतात. खेळवायला नाही येत, शिकवायला येतात. म्हणजे मी खेळवत असताना माझ्या खांद्यावरून शिकवायला.

आपल्याकडे उंटावरचा शहाणा म्हणतात ना? रांजणात वासराचं तोंड अडकलं तर आधी वासराची मान कापा असा सल्ला उंटावरून न उतरता देणारा? तो. आणि काल नेमका तमाशा झाला तो सॉपविथ कॅमल या ब्रिटिश विमानावरच झाला. म्हणजे विमानाचं नावच उंट.

कॅमल एका मुलीकडे होतं. शांत मुलगी, लाल विमानासाठी झेपावली नव्हती, उरलं ते घेतलं. आता कॅमलचं इंजिन रोटरी. पंख्याबरोबर अख्खं इंजिन गरगर फिरायचं आणि त्या फिरण्याच्या जोरामुळे विमान उजवीकडे झटक्यात वळायचं, डावीकडे वळताना कुरकुरायचं. खूप शिकाऊ वैमानिक मेले त्यात. खेळाच्या पत्त्यांतही ते उतरवलंय, उजवं वळण आवळ, डावं सैल. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मुद्दामच. तिनं गठ्ठा चाळला, डावीकडचं एक पान आणि उजवीकडचं एक पान शेजारी शेजारी धरलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, “हे विमान उजव्या हाताचं आहे का?”

उजव्या हाताचं! चार मिनिटांच्या शिकवणीवर! माझ्या अंगावर काटा आला. अशा एका वाक्यासाठी मी सगळा पसारा पिशव्यांत भरून वाहून आणते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला, “अगं, त्याला जायरोस्कोपिक इफेक्ट म्हणतात.”

झालं. सुरू. हवेत हात फिरवून दाखवणं, इंजिनाला सिलिंडर किती, तेल कुठे उडायचं. बाकीचे तिघे फोनकडे वळले (बघा, फोन कुठून येतो ते). एवढं झाल्यावर त्यानं तिच्या हातातली पानं घेतली. घेतली म्हणजे सरळ काढून घेतली. “हे नको. हे ठेव. आणि हे तिसरं.” ती म्हणाली, “पण मला तो तिकडून येईल असं वाटतंय.” “नाही येणार.”

तिकडूनच आला. हे लिहिताना मला किती आनंद होतोय ते विचारू नका.

दुसऱ्या शहाण्याला उंचीची काळजी. “तू उंचीचे नियम का नाही घेतलेस? उंचीशिवाय कसली डॉगफाइट?” बरोबर आहे रे राजा. खऱ्या लढाईत उंची म्हणजे सगळं काही. वरून, सूर्य पाठीशी घेऊन यायचं, स्पॅडसारखं जड विमान असेल तर सूर मारून निघून जायचं, ट्रायप्लेनसारखं हलकं असेल तर वळणात गाठायचं. मला माहीत आहे. पण ज्या माणसाला अजून पान बेसच्या कुठल्या बाजूला लावायचं ते कळत नाहीये त्याच्यापुढे मी वर चढायचे काउंटर आणि स्टँडच्या कांड्या मांडू? पोहायला आलेल्याला आधी समुद्राच्या भरतीचं वेळापत्रक पाठ करायला लावतोस का?

तिसरा नुकसानीची पानं मोठ्यानं वाचत होता. ती पानं आपल्यापुरती बघायची असतात! विमानात किती जीव उरलाय हे समोरच्याला कळू नये यातच अर्धी धाकधूक असते. एकानं पान उचललं, शून्य होतं, त्यानं बिचाऱ्यानं चेहरा पाडून छान नाटक केलं, आणि मागून हा: “अरे शून्य आलं तुला, घाबरतोस काय!”

चौथ्याला माझ्या लाल रंगाची छटा खटकली. पाचवा नुसता “मी असतो तर” म्हणत होता. असतास तर. नव्हतास ना?

आणि मग तिची संधी आली. शेवटी एकदाची. शहाण्याचं पान चुकलं होतं तरी पुढचं तिनं स्वतःचं ठेवलं, आणि अल्बाट्रोस बरोबर तिच्या नाकासमोर, अर्ध्या पट्टीच्या आत. दोन पानं. समोरच्यानं उचलली, आणि त्यातल्या एकावर जॅमची खूण. म्हणजे गोळ्या लागल्या, पण हिची बंदूक अडकली. तीन चाली गप्प. ती हसली, “आता काय करतात?” मी सांगितलं, खरे वैमानिक हातोडी जवळ ठेवायचे आणि उडता उडता बंदुकीला ठोकायचे. तिनं लगेच टेबलावर बोटानं ठोकून बघितलं. आणि मागून: “म्हणून म्हटलं होतं ना, माझं पान ठेव.”

जॅम नशिबाचा असतो, माणसा! गठ्ठ्यातून निघालेलं पान आहे ते, समोरच्यानं उचललेलं! तुझ्या पानाचा, तुझ्या शहाणपणाचा, तुझ्या जायरोस्कोपचा त्याच्याशी संबंध काय?

तिनं पानं सारखी केली, त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, “तुम्हीच खेळा ना.” रागानं नाही म्हणाली. अगदी सभ्यपणे.

आणि तो बसला! लाज वाटून “नाही नाही, तू खेळ” म्हणायचं सोडून खुर्ची ओढली आणि खेळला. तिचं कॅमल घेऊन. त्या नवख्यांविरुद्ध दोन विमानं पाडली आणि माझ्याकडे बघून हसला. ती थोडा वेळ उभी राहिली, मग पर्स उचलून गेली. निघताना मला “थँक्यू, छान होतं” म्हणाली.

खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी मीही हेच करायचे. स्पॅड आणि ट्रायप्लेनमधला फरक सांगता सांगता एकदा पाऊण तास घेतला होता आणि समोरचे दोघे पाणी पिऊन येतो म्हणून गेले ते आलेच नाहीत. आवडीच्या गोष्टीबद्दल तोंड बंद ठेवणं किती कठीण असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर अजून कुणाला टेबलावरून हाकललेलं नाही.

पुढच्या खेपेला मात्र ठरवलंय. जो टेबलाशी उभा राहून तोंड उघडेल त्याच्या हातात एक कॅमल देणार, उंचीचे नियम लावणार, बंदूक आधीपासून जॅम, आणि त्याची तिन्ही पानं मागे उभे असलेले बाकीचे चार निवडणार. मोठ्यानं, एकमेकांशी भांडत. बसा उंटावर. आणि डावीकडे वळून दाखवा.