सॉरी हं!

नौपाड्यातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी फर्मान काढलंय: आजपासून 'सॉरी' बंद, 'माफ करा' म्हणायचं. निमित्त पुतण्याचं. आजीला पाय लागला, तर 'सॉरी हं आजी' म्हणून पठ्ठ्या पुन्हा मोबाइलमध्ये. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि घरात हे, असा काकांचा संताप. 'माफ' मूळचा अरबी, हे मी टाइप केलं आणि पुसलं. टोरांटोत बसून काकांना मराठी शिकवायची हिंमत नाही.

इथे मात्र 'सॉरी' दिवसातून पन्नासदा कानावर पडतं. सहकाऱ्याचे वडील गेले तेव्हा जो तो त्याला 'सॉरी' म्हणत होता. मी नवा होतो. वाटलं, यांची काय चूक? जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सारिग' होता, म्हणजे व्यथित. दुखऱ्या जागेला 'सोअर' म्हणतात, त्याच कुळातला. दुःखवाचक 'सॉरो' त्याचा सख्खा भाऊ वाटतो, पण त्याचं मूळ वेगळं. शेजारी राहून चेहरे सारखे झाले इतकंच. म्हणजे 'सॉरी'त 'मी चुकलो' मुळात नाहीच, 'मला वाईट वाटतंय' आहे. आमच्या ओंटारियो प्रांताने तर २००९ मध्ये कायदाच केला: कुणी माफी मागितली, तर दिवाणी दाव्यात ती चुकीची कबुली धरायची नाही. डॉक्टरला रुग्णाजवळ हळहळ व्यक्त करतानाही कोर्टाची धास्ती वाटू नये, हा त्यातला एक हेतू. आपलं 'चुकलं माझं' असं निसटू देत नाही. ते म्हणताना घशात काहीतरी अडकतंच.

म्हणून काकांचा राग मला पटतो, बंदी पटत नाही. 'हं' जोडून आपण 'सॉरी' केव्हाच मराठी केलाय. पुतण्याचं राहिलं ते वाकायचं. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी धक्क्याला कुणी सॉरी म्हणत नाही, म्हणत बसलं तर कल्याण फास्ट जाईल. पण पाय लागला की त्या गर्दीतही हात खाली जातो आणि मग छातीशी येतो.

माझा अजून जातो. मागे इथल्या बसमध्ये शेजारच्या आजोबांना माझा बूट लागला. मी सवयीने वाकून त्यांच्या बुटाला हात लावला. ते दचकले, पाय आखडून घेतले आणि म्हणाले, 'सॉरी!'