काम किती टक्के, खेळ किती टक्के

गेमिंग लॅपटॉप घ्यायला निघालेल्या पन्नाशीच्या माणसाला जागोजागी एकच प्रश्न विचारला जातो : "कामासाठी, की खेळासाठी?" दुकानातला विक्रेता तो विचारतो, बायको विचारते, सीए विचारतो, आणि ज्याचा या खरेदीशी कणभरही संबंध नाही असा खालच्या मजल्यावरचा शेजारीसुद्धा विचारतो. 'दोन्हींसाठी' हे उत्तर खरे असले तरी देण्याजोगे नाही, कारण ते ऐकताच समोरच्याच्या चेहऱ्यावर 'म्हणजे खेळासाठी' हा निकाल उमटतो आणि त्यावर अपील चालत नाही.

मी कोल्हापुरात आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय करतो. एके काळी या व्यवसायात नकाशाच्या अमोनिया प्रिंटची, म्हणजे निळसर छापील प्रतीची, गुंडाळी काखेत मारून गेले की भागत असे. घरमालकाला त्यातले फारसे काही कळत नसे, आणि त्या न कळण्यातच आमची निम्मी प्रतिष्ठा सामावलेली होती. आता पायाचा खड्डा खणण्याआधीच घरमालकाला पूर्ण झालेल्या बंगल्यातून फिरून यायचे असते. सकाळी सातचे ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर कोठवर येते, देवघराच्या जाळीची सावली संध्याकाळी कोठे पडते, पावसात पोर्चची फरशी किती चकाकते, हे सारे त्याला पडद्यावर हलतेचालते पाहिजे असते. माझा 2017 सालचा लॅपटॉप असे मिनिटभराचे दृश्य तयार करायला रात्रभर घेई आणि पहाटे बहुधा निळ्या पडद्यावर दिलगिरी व्यक्त करून थांबे. त्यातच विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपणार, हे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. विंडोज 11 ला, काही मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझा सातव्या पिढीचा होता आणि अपवादांत तो बसत नव्हता.

तेव्हा नवा लॅपटॉप घेणे भाग होते, आणि तो कामासाठीच घ्यायचा होता. पण कामाचे स्वरूप पाहू लागलो तेव्हा ते मला वाटत होते तितके सोज्ज्वळ नव्हते. घरातून फिरवून आणण्यासाठी आम्ही जी सॉफ्टवेअरे वापरतो त्यांपैकी ट्विनमोशन हे एपिक गेम्स या कंपनीच्या मालकीचे आहे, म्हणजे बिलाच्या माथ्यावरच 'गेम्स' छापलेले. ते चालते अनरिअल इंजिनवर, आणि ते इंजिन 1998 साली त्याच नावाच्या गोळीबाराच्या खेळाबरोबर जगापुढे आले. पडद्यावरच्या बंगल्यात चालण्यासाठी डब्ल्यू, ए, एस आणि डी या ज्या चार कळा मी दाबतो, त्याच दाबून जगभरातील मुले एकमेकांवर बंदुका रोखून धावतात. उन्हाचा किरण भिंतीवर आपटून पुढे कोठे जातो याचा हिशेब ग्राफिक्स कार्डातले जे भाग करतात, तेच खेळातल्या डबक्यात आगीचे प्रतिबिंब पाडतात. समोर दिवाणखाना आहे की रणांगण, याची त्या कार्डाला फिकीर नसते. फरक असलाच तर एवढाच, की खेळातला शत्रू ओळखू येतो आणि गोळी लागल्यावर तो जिना पूर्वेकडे हलवायला सांगत नाही.

हे सगळे मी बायकोला समजावून सांगितले. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिने मुद्द्याचेच विचारले : "अहो, पण मग खेळ नसलेला, तेवढ्याच ताकदीचा लॅपटॉप मिळत नाही का?" मिळतो, त्याला वर्कस्टेशन म्हणतात, त्याला रंगीत दिवे नसतात, तो सभ्य करड्या रंगात येतो आणि त्याची किंमत बरीच जास्त असते. तिने ती किंमत पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि खेळ असलेलाच घ्यायला परवानगी दिली.

माझ्या स्वतःच्या खेळण्याविषयी घरात काही गैरसमज आहेत, ते येथेच दूर केलेले बरे. मी 'असॅसिन्स क्रीड युनिटी' हा 2014 सालचा खेळ खेळतो. तो राज्यक्रांतीच्या काळातल्या पॅरिसमध्ये घडतो, आणि त्यात नोत्र दामचे कॅथीड्रल इतक्या बारकाईने उभे केले आहे की बाहेरून भिंतींना टेकू देणाऱ्या त्या तिरक्या कमानी न्याहाळत मी थांबतो आणि मागून कोणी तरी रखवालदार येऊन मला भोसकतो. छपरावरचा उंच टोकदार मनोरा मात्र त्या काळातला नव्हे. तो एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्युक या आर्किटेक्टच्या देखरेखीखाली उभा राहिला. ही कालविसंगती ध्यानात येऊन मी हळहळत होतो, तेव्हाही मला भोसकण्यात आले. बायकोच्या मते यालाच खेळणे म्हणतात. माझ्या मते हा अभ्यासदौरा आहे.

यंत्र कोणते घ्यावे हे ठरवण्यासाठी पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन केला. "मामा, नाव बघू नका, वॅट बघा," एवढे सूत्र त्याने प्रथम सांगितले आणि मग तासभर त्यावर भाष्य केले. त्याचा मथितार्थ असा, की ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाचे लॅपटॉपसाठीचे 4060 हे कार्ड 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला असते, आणि 35 वर चालणारे व 115 वर चालणारे अशी दोन्ही कार्डे एकाच नावाने, एकाच दिमाखदार स्टिकरसह विकली जातात. नावांचा दुसरा घोळ स्मृतीचा. टेबलावरच्या संगणकातले 5070 हे कार्ड 12 जीबीचे असते; लॅपटॉपमधले 5070 तेव्हा नाव तेच सांगत होते आणि 8 जीबी देत होते. तेवढेच 8 जीबी लॅपटॉपच्या 5060 मध्येही असतात. 12 जीबी हवे असतील तर पुढचे 5070 टीआय घ्यावे लागत होते आणि मग प्रकरण दोन लाखांच्या आसपास जात होते. खेळापुरते 8 जीबी बहुतेक वेळा चालून जातात, असे भाचा म्हणाला. माझी अडचण घरमालकांची होती. त्यांना बंगल्याभोवती नारळ, आंबा, बोगनवेल आणि गुडघाभर हिरवळ लागते, आणि त्या एकेका पानाचा भार कार्डाला सोसावा लागतो. 8 जीबीत बंगला मावतो, बाग मावत नाही. म्हणजे जास्त महागाचे यंत्र मला खेळासाठी नव्हे तर बोगनवेलीसाठी हवे होते, पण हे वाक्य घरात उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही.

राजारामपुरीतल्या दुकानात गेलो तेव्हा नवरात्र चालू होते. घटस्थापनेच्या दिवशी, 22 सप्टेंबरला, मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला होता, त्यामुळे त्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. लॅपटॉप आधीपासूनच 18 टक्क्यांत होते. ते स्वस्त झाले नव्हते, म्हणून तिकडचा विक्रेता मोकळा होता आणि तो संपूर्णपणे माझ्या वाट्याला आला. "सर, कामासाठी की गेमिंगसाठी?" त्याने विचारले. कामासाठी म्हटले की तो मला डावीकडे नेई, जेथे वहीसारखे पातळ, चंदेरी लॅपटॉप होते आणि त्यांच्यामागच्या चित्रात एक तरुणी कॉफीचा पेला हातात घेऊन कोणतेही काम न करता हसत होती. गेमिंगसाठी म्हटले की तो उजवीकडे नेई, जेथे काळ्या झाकणांवर पंजे, डोळे आणि वीज चमकत होती. मधे काहीच नव्हते. मधे फक्त मी होतो.

"याचे ग्राफिक्स किती वॅटचे?" मी विचारले.

"240 वॅट, सर."

"तो चार्जर झाला."

"मग आतही तेवढेच असणार ना, सर."

हा आकडा एनव्हिडियाच्याच कंट्रोल पॅनेलमध्ये लिहिलेला असतो, असे भाच्याने सांगितले होते. मी तो शोधू लागलो; पण दुकानात मांडलेल्या यंत्रावर क्षणभर बोट थांबले की जाहिरातीची चित्रफीत आपोआप सुरू होई आणि एक चिलखतधारी योद्धा माझ्यावर धावून येई. मी त्याला बाजूला सारावे, दोन पायऱ्या आत जावे आणि त्याने पुन्हा यावे, असे बराच वेळ चालले. एसी घ्यायला आलेली दोन मुले माझ्या मागे उभी राहून "काका, डावीकडं दाबा, डावीकडं" असे मार्गदर्शन करू लागली. शेवटी आकडा दिसला, तो समाधानकारक होता, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

काम आणि खेळ यांच्यात खरा फरक मला फक्त पडद्यापाशी सापडला. खेळणाऱ्याला पडदा सेकंदाला 144 किंवा 165 वेळा नवे चित्र दाखवणारा हवा असतो. मला त्यावरची वीट विटकरी दिसायला हवी असते. तपशिलाच्या कागदावर बारीक अक्षरांत '45 टक्के एनटीएससी' असे, म्हणजे रंगांची झेप तोकडी, असे लिहिलेले असले, तर त्या पडद्यावर लाल जांभा दगड आजारातून उठल्यासारखा दिसतो, आणि घरमालक तोच फिका रंग पसंत करून रंगाच्या दुकानात भांडायला जातो. मला 'शंभर टक्के एसआरजीबी' लिहिलेला, म्हणजे रंग पुरते दाखवणारा, पडदा पाहिजे होता. विक्रेत्याने मात्र दर वेळी हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला किती चित्रे तेच, सांगितले. माझा हट्ट पाहून त्याने शेवटचे अस्त्र म्हणून पंखे पूर्ण वेगाने सुरू करून दाखवले. टेबलावरची माहितीपत्रके हलली. "जाळ आणि धूर संगटच, सर," तो अभिमानाने म्हणाला. एरवी कोल्हापुरात यापेक्षा मोठी स्तुती नाही, पण दोन लाखांच्या यंत्राविषयी ती ऐकायला मला बरे वाटले नाही.

खरा निर्णायक सल्ला आला तो सीएकडून. तो माझा शाळेपासूनचा मित्र. म्हणाला, "दसऱ्याला घे, पाडव्याला घेऊ नकोस." मला नवल वाटले, कारण या गृहस्थाने स्वतःचे लग्नसुद्धा पंचांग न पाहता केले होते. मग त्याने खुलासा केला. संगणकावर आयकरात वर्षाला 40 टक्के घसारा, म्हणजे वस्तू झिजल्यापोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो, पण वस्तू त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर तो निम्म्यावर येतो. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता, आणि तेथून 31 मार्चपर्यंत बरोबर 181 दिवस भरतात. दिवाळीचा पाडवा 22 ऑक्टोबरला. थोडक्यात, वर्षातल्या उरलेल्या दोन मुहूर्तांपैकी आयकर खात्याला एकच चालत होता. "नुसता विकत घेऊन चालायचे नाही," त्याने बजावले, "त्या दिवशी वापरातही आला पाहिजे. आणि खेळासाठी किती टक्के वापरणार ते सांग. कायद्याने तेवढा भाग वजा करावा लागतो."

"नोत्र दाम कशात धरायचे?" मी विचारले.

त्याने फोन बायकोकडे द्यायला सांगितले.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी लॅपटॉप घेतला. संध्याकाळच्या शमीपूजनासाठी दसरा चौकाकडचे रस्ते बंद होऊ लागले होते, तेव्हा खोका छातीशी धरून लांबच्या वाटेने घरी पोहोचलो. बायकोने त्याची रीतसर पूजा केली, आणि वारा जाण्याच्या जाळीत हळदकुंकू व अक्षता पडू नयेत म्हणून मी दोन्ही तळहात तिच्यावर झाकून बसलो, ज्याला तिने भक्तिभाव समजले. झेंडूचे फूल झाकणावरच्या डोळ्यात नेमके बसले. मग यंत्र सुरू करायला गेलो, तर पहिल्या वेळी ते चार्जर जोडल्याशिवाय उठेना, आणि चार्जरची पिन निघाली 16 अँपिअरची, जाडजूड तीन पायांची. ती दिवाणखान्यातल्या एकाही सॉकेटमध्ये जाईना. घरात त्या मापाची जागा फक्त गिझरपाशी आणि वॉशिंग मशीनपाशी होती, दुकाने बंद होत आली होती, आणि 181 दिवसांतला पहिला दिवस संपायला काही तास उरले होते. मी वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून, उभ्यानेच, एका दोन खणी घराचे रेखाटन उघडले आणि तारीख दिसेल असा फोटो काढून सीएला पाठवला. त्याने उलट विचारले, की मागे बादली का आहे.

तेव्हापासून मी काढत असलेल्या प्रत्येक घराच्या विजेच्या आराखड्यात अभ्यासिकेच्या टेबलाशी एक 16 अँपिअरचा पॉइंट असतो. वायरमन कारण विचारतो, मी 'भविष्याची तरतूद' असे सांगतो.

यंत्र उत्तम निघाले, हे मान्य केले पाहिजे. वजन चार्जरसकट तीन किलोंच्या वर आहे आणि पूर्ण ताकदीने चालवले तर बॅटरी तासाभरात मान टाकते. पण पूर्वी रात्रभर चालणारे काम आता चहा होईपर्यंत होते, त्यामुळे विचार करायला जो वेळ मिळत असे तो गेला. कागलकडच्या एका ऊस बागायतदारांना बंगला दाखवायला प्रथम घेऊन गेलो, तेव्हा झाकण उघडताच कीबोर्डखालून इंद्रधनुष्य वाहू लागले. ते बंद करण्याची कळ मी शोधत होतो, तर ते म्हणाले, "राहू द्या साहेब. दम दिसतोय ह्याच्यात." मग त्यांच्या नातवाने कीबोर्ड ताब्यात घेतला. त्याला डब्ल्यू, ए, एस, डी शिकवावे लागले नाही. त्याने आजोबांना पोर्चमधून, दिवाणखान्यातून, देवघरातून आणि भिंत ओलांडून थेट भावकीच्या रानातून फिरवून आणले; त्या शेवटच्या फेरीने आजोबा सर्वाधिक खूश झाले. बोगनवेल त्यांनी पाहिलीसुद्धा नाही.

"बंगला झकास झालाय," निघताना ते म्हणाले, "पण पोर्चात तो ट्रॅक्टर उभा केलाय न्हवं, तो चालवता आला पाहिजे. पोराला."

मी भाच्याला फोन केला. अनरिअलमध्ये हे करता येते, असे तो म्हणाला, आणि दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी मिळून तो ट्रॅक्टर चालता केला. त्याला नांगरही जोडला. त्याचे बिल मी 'व्यावसायिक सेवा' या सदराखाली लावले आहे, ते त्यांनी विनातक्रार चुकते केले आहे, आणि सीए आता विचारतो आहे की नांगर कशासाठी.