नावडत्या गिटारीच्या खरेदीविषयी हितोपदेश

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी तयार झालेली, तेव्हा दुकानांत धूळ खात पडलेली आणि आजही चारचौघांत नाव घेतले असता ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर कोणताही भाव न उमटवणारी एक इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यावी असे आपल्या मनात आले आहे, हे समजून अत्यंत समाधान वाटले. गिब्सन कंपनीची आरडी आर्टिस्ट, साल 1978, मूळ केस सोबत, एक नॉब बदललेला. ती घ्यावी की न घ्यावी, असे आपण विचारत फिरत आहात. परंतु जाहिरातीतील छायाचित्रे रोज रात्री पुन्हा मोठी करून पाहणाऱ्या माणसाला सल्ला नको असतो, कारणे हवी असतात. ती पुरवण्याचे पुण्यकर्म या लेखाने अंगावर घेतले आहे.

सर्वांत प्रतिष्ठित कारण गुंतवणुकीचे, म्हणून घरात तेच आधी सांगावे. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची फ्लाइंग व्ही गिब्सनने 1958 मध्ये काढली. त्या वर्षी कारखान्यातून 81 नग बाहेर पडले, पुढच्या वर्षी 17, आणि मग कंपनीने नाद सोडला. त्याच सुमाराची सनबर्स्ट रंगाची लेस पॉल स्टँडर्ड इतकी मंद खपली की 1960 नंतर तिचा आकारच बदलून टाकण्यात आला. गिब्सनची प्रतिस्पर्धी कंपनी फेंडर हिने 1958 मध्ये जॅझ वादकांसाठी म्हणून जॅझमास्टर आणली, ती जॅझ वादक सोडून इतरांनीच वाजवली, आणि कालांतराने ती जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागल्यावर सॉनिक यूथ या रॉक बँडसारख्या मंडळींच्या हाती पडली. आज यांतल्या पहिल्या दोघींच्या अस्सल नगाच्या किमतीत पुण्यात फ्लॅट येतो. तेव्हा जे आज कोणालाही नको ते उद्या सर्वांना हवे असते, हा सिद्धान्त आपण निःशंकपणे मांडावा. या सिद्धान्तात न बसणाऱ्या गिटारींची नावे कोणी काढली, उदाहरणार्थ गिब्सननेच 1982 मध्ये काढलेली आणि अमेरिकेत डबा फोडायचे हत्यार म्हणून हिणवली गेलेली कॉर्व्हस, किंवा 1969 मध्ये फेंडरने न खपलेल्या बारा तारांच्या गिटारींचे उरलेले भाग जोडून तयार केलेली मॅव्हरिक, तर त्यांच्या बाबतीत तो ‘उद्या’ अजून उजाडायचा आहे, एवढेच उत्तर द्यावे.

एखादा चिकित्सक मात्र असेही म्हणेल की फ्लाइंग व्हीचे भाग्य उजळले ते ती अल्बर्ट किंग आणि लॉनी मॅक या नामांकित गिटारवादकांच्या हातात गेली म्हणून, आणि सनबर्स्ट लेस पॉलचे भाग्य उजळले ते 1966 च्या सुमारास इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टनने तिच्यातून जो आवाज काढला त्यामुळे. म्हणजे लाकूड आपोआप महाग झाले नाही, त्यावर कोणीतरी वाजवले. या हिशेबाने आरडी आर्टिस्टची किंमत वाढवण्याचे काम आता आपल्याकडे येते. आपला रियाज हल्ली किती वेळ चालतो, हा प्रश्न विचारण्याचा औचित्यभंग मी करणार नाही.

आता वस्तूच्या अंगभूत गुणांकडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. त्या काळी गिब्सन ही नॉर्लिन नावाच्या उद्योगसमूहाच्या मालकीची होती आणि सिंथेसायझरसाठी जगभर नावाजलेली मूग ही कंपनीही त्याच समूहात होती. सत्तरच्या दशकात गिटार मागे पडून की-बोर्डवाले पुढे येणार, अशी धास्ती अनेकांनी घेतली होती. एकाच घरात दोन्ही उपवर असताना स्थळे बाहेर कशाला शोधायची, असा सुज्ञ विचार करून समूहाने गिटारीच्या पोटात मूगचे सर्किट बसवले, नावातच संशोधन आणि विकास या अर्थाची दोन इंग्रजी आद्याक्षरे घातली आणि 1977 मध्ये हे अपत्य बाजारात आणले. सामान्य गिटारीचे टोनचे बटण आवाजातील धार फक्त कमी करू शकते; हिची बटणे खर्ज आणि टीप दोन्ही बाजूंना वाढवतात आणि घटवतातही. शिवाय एक स्विच असा दिला आहे की त्याच्या एका स्थितीत मोठ्या आणि लहान आवाजांतील अंतर मिटून सूर रेंगाळतो आणि त्याच्या उलट्या करामतीत तार छेडल्याचा पहिला आघात अंगावर येतो. हे सर्व नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. बॅटरी ऐन कार्यक्रमात संपेल अशी भीती आपण बाळगू नये. ही गिटार घेणाऱ्यांचे कार्यक्रम सहसा नसतात.

त्या सालाकडेही आदराने पाहावे. 1977 मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पंक मंडळी तीन कॉर्ड, एक केबल आणि एक मोठा अ‍ॅम्प एवढ्या भांडवलावर वर्तमानपत्रे गाजवत होती. नेमक्या त्याच मुहूर्तावर, वापरण्यापूर्वी माहितीपुस्तिका वाचावी लागेल अशी गिटार बाजारात आणण्यास जे धैर्य लागते त्याची किंमत तेव्हाच्या गिऱ्हाइकांना कळली नाही. ती खपेना, तेव्हा कंपनीने दोष आकाराचा असावा असे ठरवले आणि 1979 मध्ये तेच सर्किट लेस पॉलच्या सर्वमान्य देहात आणि ईएस या दुसऱ्या गिब्सन गिटारीच्या अर्धपोकळ देहातही घालून पाहिले. तीही खपली नाहीत. इतका काटेकोर प्रयोग विज्ञान संस्थांतही क्वचितच होतो. निष्कर्ष मात्र कोणी लिहून ठेवला नाही, म्हणून तो आपल्याला स्वखर्चाने पुन्हा काढायचा आहे.

आकाराचे म्हणाल, तर गिब्सनच्याच 1958 च्या एक्स्प्लोरर या कोनाकोनांच्या गिटारीचे कोपरे कोणीतरी उन्हात वितळवून उलटे फिरवावेत असा तो आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. हे विधान उपरोधिक नाही, याची नोंद घ्यावी. आवाजाची गोष्ट थोडी नाजूक आहे. देह मेपलचा, नेक मेपलची, आणि तारेची लांबी गिब्सनच्या नेहमीच्या पावणेपंचवीस इंचांऐवजी साडेपंचवीस इंच, म्हणजे फेंडरच्या मापाची. परिणामी जो आवाज निघतो तो स्वच्छ, टणक आणि लख्ख असतो, आणि हीच हिची शोकांतिका. ज्याला जाड, उबदार आवाज हवा होता तो गिब्सनच्या दुकानात आला आणि ही ऐकून लेस पॉल घेऊन गेला; ज्याला लख्ख आवाज हवा होता तो मुळात फेंडरच्या दुकानात उभा होता. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे ठरले, कारण मीठ वास्तविक चांगलेच होते. राहता राहिले वजन. साडेचार किलोच्या आसपासची ही वस्तू अर्धा तास खांद्यावर पेलल्यावर आपण बसून वाजवू लागाल, आणि मग ध्यानात येईल की हा देह मांडीवर ठेवण्यासाठी घडवलेलाच नाही.

दुरुस्तीचा विषय काढणे अशुभ असले तरी काढतो. पाठीमागचे भले मोठे झाकण उघडले की आत पन्नास वर्षांपूर्वीच्या सर्किटची आख्खी वसाहत दिसते. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांचे अ‍ॅम्प आणि की-बोर्ड वर्षानुवर्षे जिवंत ठेवणारा आपल्या ओळखीचा कारागीर ती पाहील, चष्मा कपाळावर सरकवील आणि म्हणेल, “साहेब, हे सगळं काढून टाकू, साधं वायरिंग करू, झकास वाजेल.” तो बरोबर बोलत असेल. परंतु मूळ सर्किट काढले तर गिटार वाजेल आणि व्हिंटेज म्हणून असलेले मोल जाईल. ठेवले तर मोल राहील आणि वाजण्याची हमी राहणार नाही. आपण गुंतवणूकदार आहात हे मघाच घरी सांगितलेले असल्याने येथे पर्याय उरत नाही. झाकण पुन्हा लावून टाकावे आणि कारागिराला चहाचे पैसे द्यावेत.

वस्तू अमेरिकेत आणि आपण कोथरूडमध्ये, ही अडचण किरकोळ आहे. डिसेंबरात येणारा न्यू जर्सीचा मावसभाऊ कशासाठी असतो? नेहमीच्या केसमध्ये हा आकार बसत नाही, म्हणून हिची स्वतःची अवाढव्य केस त्याला विमानतळावर ओढत न्यावी लागेल, तेव्हा मावशीला आधी सांगून ठेवावे. कस्टम्सच्या अधिकाऱ्याने किंमत विचारली तर भावाने खरी सांगावी. तो अधिकारी केस उघडून एकदा गिटारीकडे आणि एकदा भावाकडे पाहील, आणि जे काही शुल्क होईल ते सहानुभूतीसह आकारील.

यापुढचा प्रश्न या व्यवहारातील सर्वांत कठीण आहे, म्हणून थोडे सावकाश वाचावे. आपल्याला ही गिटार हवी आहे कारण ती दुसऱ्या कोणाकडे नाही. आणि ती शहाणपणाची खरेदी ठरायची तर ती उद्या सर्वांना हवी झाली पाहिजे. या दोन इच्छा एकाच माणसाच्या पोटात सुखाने नांदत असल्या तरी बाजारात त्या एकत्र पुऱ्या होत नाहीत. 1979 मध्ये इंग्लंडमधील नेबवर्थच्या मैदानावर लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जिमी पेजने प्रचंड गर्दीसमोर ही गळ्यात घातली, तरी जगाने लक्ष दिले नाही. तोपर्यंत आपण सुरक्षित होतो. पण पुढे निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडच्या क्रिस्ट नोव्होसेलिचने हिची बेस गिटारीची आवृत्ती वाजवली, त्याच बँडमधल्या डेव्ह ग्रोलच्या गळ्यात ही दिसली, घोस्ट या स्वीडिश बँडचे मुखवटेधारी वादक हिच्यासह मंचावर उभे राहिले, आणि गिब्सनने ती नव्याने काढलीही. आपण शोधून काढलेल्या अज्ञात रत्नाचा एवढा गवगवा झालेला पाहून वाईट वाटणे स्वाभाविक आहे. एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाने ती पाहून “अरे, ही त्या घोस्टवाल्यांची ना?” असे विचारले, तर आपण 1977, नॉर्लिन आणि मूग यांच्यापासून सुरुवात करावी. तो लवकरच निघून जाईल आणि आपले वेगळेपण अबाधित राहील.

आणि उलट काही झाले, म्हणजे किमती चढल्याच नाहीत, तर आपण संगीतासाठी घेतली होती असे म्हणावे. किमती चढल्या, तर पहिल्यापासून हेच सांगत होतो असे म्हणावे. चढल्या पण विकताना गिऱ्हाईक मिळाले नाही, तर भावनिक नाते जडले आहे असे म्हणावे. हे तिसरे वाक्य पाठ करून ठेवावे, कारण ते सर्वाधिक वेळा लागते.

घासाघीस करताना विक्रेत्याचे निरीक्षण करावे. लोकप्रिय गिटार विकणारा माणूस तुसडा असतो, किंमत शेवटची आहे म्हणतो आणि फोन ठेवतो. हा तसे करणार नाही. तो आपल्या प्रत्येक संदेशाला पाच मिनिटांत उत्तर देईल, मागितली नसताना आणखी छायाचित्रे पाठवील, पट्टा, जुनी माहितीपुस्तिका आणि नवी बॅटरी फुकट देईल, पाठवणीचा खर्च स्वतः करीन म्हणेल. आपण मौन पाळलेत तर दुसऱ्या दिवशी किंमत आणखी खाली आलेली असेल. या ओळीने चालत राहिल्यास एक टप्पा असा येतो की विक्रेत्याला काही विचारण्याचा धोका उत्पन्न होतो, आणि मोहापोटी बहुतेक खरेदीदार विचारतातच, की इतकी चांगली गिटार आपण का विकत आहात. हे विचारू नये. विचारलेच, तर उत्तर येण्याआधी पैसे पाठवून मोकळे व्हावे.