पिंपरी विरुद्ध वाई

दाढ दुखायला लागली ती गुरुवारी रात्री, आणि तीही डावीकडची. म्हणजे ज्या बाजूने मी गेली पाच वर्षं जेवत आलोय ती. उजवी बाजू तिथल्या दाढेने आधीच बंद पाडलेली. शुक्रवारी सकाळी गाल असा काही फुगला होता की सोसायटीच्या वॉचमनने मलाच थांबवून "कुणाकडे जायचंय?" असं विचारलं.

दातांच्या डॉक्टरांनी आत आरसा घातला, "अरेरे" म्हणाले आणि आरसा बाहेर काढला. "पू झालाय. आधी इन्फेक्शन उतरू दे, मग रूट कॅनॉल करू." हातात चिठ्ठी आली. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड, ६२५, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, जेवायला बसताना. एकूण दहा गोळ्या. पाकिटावर डाव्या अंगाला उभी लाल रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा त्या रेघेचा अर्थ. घशाखाली उतरणार नाही असाही तिचा अर्थ असावा, कारण गोळी थेट खारकेच्या बीएवढी होती.

शनिवारी गाल उतरला. रविवारी दुपारी पोट उठलं.

सुरुवात आवाजाने झाली. लांब कुठेतरी पाटा सरकवावा तसा. मग जवळ. मग टीव्हीचा आवाज कमी करून बायको म्हणाली, "अहो, हे तुमचं आहे का?" मी उत्तर द्यायला थांबलो नाही. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी घरातल्या ज्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ होतो, तिथल्या अकरा फरशा मला आजही पाठ आहेत. तिसरीला कोपऱ्यात तडा आहे.

आता आमच्या घरातल्या दोन घराण्यांबद्दल सांगायला हवं.

माझे सासरे, अण्णा, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आयुष्यभर नोकरीला होते. पिंपरीत कुणी पूर्ण नाव घेत नाही. 'एचए'त होतो म्हटलं की पुरे. १९५४ साली निघालेला सरकारी कारखाना, पेनिसिलीन करणारा. अण्णा तिथे फर्मेंटेशनला, म्हणजे मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायच्या कामाला. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी अजून "आमची टाकी" म्हणतात. पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका जंतूचं शास्त्रीय नावच मुळी 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' आहे आणि त्याच्यापासून निघालेलं औषध 'हॅमायसिन', त्यातला 'ह' आणि 'अ' एचएचा, हे आमच्या लग्नाच्या बोलणीत हुंड्याऐवजी सांगितलं गेलं होतं. नुसत्या गावाचं नाव पत्त्यावर असणं वेगळं आणि जंतूला असणं वेगळं, असं अण्णांना वाटतं. मलाही वाटतं, पण मी ते त्यांच्यासमोर मान्य करत नाही.

दुसरं घराणं आईचं. आई १९८७ साली वाईहून चिंचवडला आली तेव्हा एका पितळी डबीत विरजण घेऊन आली. एसटीत पूर्ण वेळ डबी मांडीवर. ते विरजण तिच्या सासूचं, त्याआधी सासूच्या सासूचं. तेव्हापासून ते रोज लागतंय. लग्नाकार्यात, बारशाला आईने ते कुणाकुणाला वाटलं, पण बहुतेकींनी पहिल्याच उन्हाळ्यात गावाला जाताना मोडलं आणि मग पिशवीतलं दही आणायला लागल्या. आई त्या बायकांची नावं घेताना आवाज खाली आणते.

तर रविवारी संध्याकाळी ही दोन्ही घराणी माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना बसली.

"गोळ्या बंद कर," आई म्हणाली. "जंतू मारायचं औषध खाल्लंस. चांगला कुठला, वाईट कुठला हे तुला अजून कळत नाही, गोळीला कुठून कळणार?"

"विहीणबाई, कोर्स मध्ये सोडायचा नसतो," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. खुर्ची पुढे आली की फ्लेमिंग येतो. १९२८ साली तो सुट्टीवरून परत आला, टेबलावरच्या काचेच्या बशीत बुरशी उगवलेली, तिच्याभोवतीचे जंतू मेलेले, ही गोष्ट मी सव्वीस वर्षांत शंभरदा ऐकली असेल. या वेळी त्यांनी पुढचा भाग काढला. १९४५ साली नोबेल घेतल्यावरच्या भाषणात फ्लेमिंगने एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच्या मनाने पेनिसिलीन घेतो, पण कमी. तेवढ्याने जंतू मरत नाहीत, नुसते शहाणे होतात. मग तेच शहाणे जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिच्यावर पेनिसिलीन चालत नाही आणि ती मरते.

अण्णांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. माझी बायको म्हणजे त्यांची मुलगी, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मी निमूटपणे संध्याकाळची गोळी घेतली.

डॉक्टरांना फोन केला. ताप आहे का, रक्त पडतंय का, असं विचारून ते म्हणाले, होतं असं, गोळ्या चालू ठेवा, पाणी भरपूर प्या, मीठ-साखरेचं. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. या एका उपायावर पिंपरी आणि वाई यांचं एकमत झालं, आणि व्हायलाच हवं होतं. १९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती, सलाइन संपलेलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं पाणी पिंपांतून वाटलं आणि शेकडा तीस माणसं मरत होती तिथे चाराच्या आत आली. त्या पाण्याची चव मात्र अशी की तहान लागायची भीती वाटते.

शिवाय डॉक्टरांनी एक इवलीशी प्लास्टिकची कुपी लिहून दिली. पाच मिलीलीटर पाणी, त्यात दोनशे कोटी जंतूंचे बीजाणू. दोनशे कोटी! आख्खा भारत भरून वर आणखी पन्नास कोटी उरतील, ते मी सकाळी दात घासल्यावर एका घोटात गिळले. चव काही नाही. एवढी लोकसंख्या पोटात गेली की निदान ढेकर तरी यावा.

आईने कुपी उजेडात धरून पाहिली. "हे दहीच की. पाणी घातलेलं. केवढ्याला पडलं?"

मी खरी किंमत सांगितली नाही.

सोमवारी ऑफिसला जाणं भाग होतं. शिवाजीनगरला. पिंपरीहून मेट्रोने अर्धा तास लागत नाही, पण त्या दिवशी मला अंतर मिनिटांत मोजायचं नव्हतं. संत तुकाराम नगरला पहिली कळ आली. ती ओसरली. नाशिक फाट्याला दुसरी. समोरच्या आजोबांनी जागा देऊ केली, पण बसणं मला तेव्हा धोरण म्हणून परवडणारं नव्हतं. कासारवाडी गेलं. आणि मग त्या शांत, गार डब्यात बाईंच्या मधाळ आवाजात घोषणा झाली, "पुढील स्थानक, फुगेवाडी." एखाद्या गावाचं नाव इतकं वैयक्तिक असू शकतं असं मला कधी वाटलं नव्हतं. मी उतरलो. फुगेवाडीला स्वच्छतागृह आहे. चांगलं आहे.

ऑफिसात बातमी माझ्याआधी पोचली होती. आपल्याकडे माणसाला कर्ज झालं तर कुणी विचारत नाही, पोट बिघडलं की प्रत्येक जण भागीदार होतो. अकाउंट्सवाले म्हणाले, जायफळ उगाळून घ्या. पलीकडच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, मुरुडशेंग, आमच्या बाळाला तीच दिली होती. बाळ आता इंजिनिअरिंगला आहे. एकाने सुंठ-तूप-गूळ सांगितलं, एकाने कुटजारिष्ट, एकाने चिमूटभर कोरडी चहापूड तोंडात टाकून वर पाणी. शिपाईमामांनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "साहेब, बेलाचा मुरंबा. बाकी सगळे टाइमपास." इसबगोल दोन पक्षांनी सुचवला, पण उलट्या कारणांसाठी. तो म्हणे सैल झालेलं बांधतो आणि बांधलेलं सैल करतो. खरंच करतो. राजकारणात असता तर प्रत्येक मंत्रिमंडळात दिसला असता.

संध्याकाळी घरी आलो तर शेजारच्या काकूंनी डाळिंबाच्या सालीचा काढा पाठवलेला. मी भित्रा माणूस आहे. कुणालाही नाही म्हणत नाही. सोमवार रात्र ते मंगळवार रात्र या काळात मी काढा, जायफळ, चहापूड, बेलाचा मुरंबा, दोन कच्चट केळी आणि मेतकूट-भात एवढं सगळं घेतलं. बुधवारी पहाटे पोटाने एकदम कडकडीत बंद पाळला. दुकानं बंद, वाहतूक बंद. तोच शेजार आता एरंडेल घेऊन आला.

त्या रात्री जेवताना माझ्या मुलीने तोंड उघडलं. ती मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे नेमकी धोकादायक वर्षात. तिच्या म्हणण्याप्रमाणे माणसाच्या अंगात अडतीस लाख कोटी जंतू असतात, माणसाच्या स्वतःच्या पेशींहून थोडे जास्तच, आणि बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. सगळ्यांचं वजन मिळून साधारण दोनशे ग्रॅम.

"पाव किलो चक्क्याला थोडं कमी," आई म्हणाली.

"आणि आजी, २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत बघितलं त्यांनी. अँटिबायोटिक घेतल्यावर ज्यांनी विकतचे जंतू घेतले ना, त्यांचे स्वतःचे जंतू परत यायला उलट जास्त वेळ लागला. ज्यांनी काहीच घेतलं नाही त्यांचे आधी आले."

मी दोनशे कोटी पाहुण्यांचा विचार करत होतो. तीन दिवस झाले, घरच्यांना जागा नाही.

"मग सगळ्यात लवकर कुणाचे आले?" अण्णांनी विचारलं. त्यांनी विचारायला नको होतं.

मुलीने सांगितलं. गोळ्या सुरू व्हायच्या आधी त्या लोकांचं स्वतःचंच, म्हणजे सकाळचं, जपून ठेवलं होतं आणि नंतर ते नळीने परत आत सोडलं.

ताटावर शांतता पसरली. अण्णांचा पिठल्यातला घास पिठल्यातच राहिला. आईने नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आम्ही तरी बाई दहीच देतो."

पण खरा प्रसंग त्याच दिवशी सकाळी होऊन गेला होता. फक्त तो कुणाला अजून माहीत नव्हता. मलासुद्धा.

बुधवारी सकाळची गोळी दहावी, शेवटची. नऊ खारकेच्या बिया गिळून घसा संपावर गेला होता. मी दाराआड पोळपाटावर लाटण्याने गोळी कुटली, फ्रिजमधल्या दह्याच्या भांड्यातून चमचाभर दही काढलं, त्यात भुकटी कालवली आणि चाटून टाकली. कडू जहर लागलं. तोंड सारखं करायला त्याच चमच्याने आणखी दही घेतलं. दोनदा. मुरंब्याने मेंदू चालत नव्हता, दुसरं काय.

रात्री आईने त्याच भांड्यातलं दही घेऊन विरजण लावलं. गुरुवारी सकाळी झाकण काढलं. दूध होतं. तसंच, पातळ, काल होतं तसं. तिने भांडं डावीकडे कलतं केलं, उजवीकडे कलतं केलं. थोडा वेळ उन्हात ठेवलं. मग पुन्हा झाकण काढलं नाही.

अण्णा नेहमीप्रमाणे अकराला आले. त्यांनी भांड्यात डोकावलं, वास घेतला आणि एचएतल्या आवाजात विचारलं, "यात कुणी काय घातलं?"

मी सांगितलं.

"दुधात किंचित जरी अँटिबायोटिक असलं ना, तर दही लागत नाही," अण्णा म्हणाले. "डेअरीवाले म्हणूनच आधी दूध तपासून घेतात. विरजणातले जंतू पेनिसिलीनपुढे टिकत नाहीत. आणि तुझी गोळी त्याच घराण्यातली." हे सांगताना त्यांना अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही. ते आईकडे पाहत नव्हते.

आई काही बोलली नाही. मला ओरडलीही नाही, हे वाईट. तिने भांडं घासलं, उपडं घातलं आणि गीतेचा अध्याय काढून बसली. चार पिढ्या मी एका चमच्याने संपवल्या होत्या. अण्णा चहा न घेताच उठले.

दुपारी दीडला बेल वाजली. दारात अण्णा. घामाघूम, कारण रिक्षा त्यांना परवडते पण पटत नाही, आणि बसला गर्दी. हातात कापडी पिशवी, पिशवीत उभा धरलेला स्टीलचा डबा. त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि झाकण काढलं. कवडी दही. चमचा उभा राहील असं.

"आमच्या मंडळींनी तुमच्याकडून नेलं होतं," ते म्हणाले. "साखरपुड्याला. त्या गेल्यावर… मोडलं नाही मी."

आई डब्यात बघत राहिली. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली.

"रोज लावता?" तिने विचारलं.

"रोज. अर्धा लिटर. एकट्याला संपत नाही, शेजारी देतो." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "कल्चर आहे, विहीणबाई. त्याला रविवार नसतो."

आईने कोनाड्यातून पितळी डबी काढली, चिंचेने घासली, कोरडी केली. चमच्याने दही डबीत काढून घेताना तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"अण्णा, तुम्ही बसा, चहा टाकते," ती म्हणाली. "आणि तू बाहेर हो स्वयंपाकघरातून."