‘चार महिन्यांत पडद्याला लाटा’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

दोन तारे देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. १२० इंची मोटराइज्ड प्रोजेक्टर स्क्रीनला चार महिन्यांत लाटा आल्या, ती मध्येच थांबते, चित्र फार वर राहतं आणि एवढं वजन फॉल्स सीलिंगवरून कधी खाली येईल याची धास्ती वाटते. मोटर हलकी लावली, असंही म्हटलंय. लाटा आणि उंची या दोन्हींत आमची चूक आहे. मोटरबद्दल मात्र आमचं म्हणणं वेगळं आहे.

तुमच्या फोटोत लाटा दोन प्रकारच्या दिसतात. वरच्या कोपऱ्यातून तिरकी उतरणारी घडी लेव्हल चुकल्यामुळे पडते. आमच्या फिटरने केसिंग (पडदा गुंडाळून राहतो ती पेटी) फॉल्स सीलिंगच्या खाचेच्या कडेला समांतर लावलं, आणि ती कडच दोन सूत उतरती आहे. जवळजवळ दहा फुटांच्या केसिंगमध्ये दोन सूत डोळ्याला दिसत नाही, पण रोलरला कळतं. दर वेळी कापड गुंडाळताना थोडं एका बाजूला सरकतं, कड केसिंगच्या टोकाला घासते आणि तिथली बाजू ताणली जाते. स्पिरिट लेव्हल केसिंगवर ठेवायची असते, सीलिंगच्या रेषेवर विसंबायचं नसतं. हे आमच्याकडून राहिलं.

दोन्ही कडांजवळ आतल्या बाजूला झुकलेल्या उभ्या लाटा लेव्हल सुधारूनही पूर्ण जाणार नाहीत. तुमची स्क्रीन साध्या प्रकारची आहे, म्हणजे कापडाला ताण फक्त खालच्या दांडीच्या वजनाचा. पडदा पावणेनऊ फूट रुंद. एवढ्या लांबीत रोलर मध्यभागी किंचित झुकतो आणि कडा हळूहळू वळतात. सिनेमात हे फारसं जाणवत नाही. क्रिकेटमध्ये कॅमेरा आडवा फिरला की बाउंड्रीची दोरी लगेच वाकडी दिसते. यावर उपाय टॅब-टेन्शन स्क्रीन: तिच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या असतात, त्या कापड बाहेर ओढून धरतात. ती बरीच महाग पडते, पण हा फरक कोटेशन देतानाच सांगायला हवा होता. बदलून हवी असेल तर फरकाची रक्कमच घेऊ, फिटिंगचे पैसे नाहीत. तोवर इस्त्री किंवा हेअर ड्रायर मात्र लावू नका. कापडातलं पीव्हीसी गरम झालं की ताणतं आणि तो झोल कायमचा राहतो.

मध्येच थांबण्याबद्दल. नळीतली ही मोटर सलग साधारण चार मिनिटं चालण्यासाठीच बनवलेली असते. त्यापुढे आतला थर्मल कट-ऑफ (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) तिला बंद करतो आणि गार झाल्यावर, वीसेक मिनिटांनी, ती रिमोटने पुन्हा चालते. पाच-सहा वेळा लागोपाठ खाली-वर केलं की एवढा वेळ भरतो. (घरात लहान मुलं असतील तर रिमोट जरा उंचावर ठेवा.) अर्ध्या तासाने ती पुन्हा चालते, असं तुम्हीच लिहिलंय, बिघडलेली मोटर अशी स्वतःहून सुधारत नाही. मात्र दिवसात पहिल्यांदाच खाली आणताना थांबत असेल, तर कापड किंवा दांडी कुठेतरी अडकतेय. तसं असेल तर मोटर वाजवीपेक्षा जास्त तापते आणि तेही लेव्हलचंच दुखणं निघू शकतं. आल्यावर आधी तेच पाहू.

चित्राची उंची हा सरळ मापाचा हिशेब आहे. तुमचं फॉल्स सीलिंग जमिनीपासून १०६ इंचांवर, चित्राची उंची ५९ इंच आणि केसिंग व चित्र यांच्यामधली कापडाची काळी पट्टी १२ इंच. म्हणजे चित्र जमिनीपासून ३५ इंचांवर सुरू होतं. सोफ्यावर बसल्यावर डोळे साधारण ४० इंचांवर असतात, त्यामुळे तासाभरात मान अवघडणारच. इथे २४ इंचांची काळी पट्टी मागवायला हवी होती, म्हणजे चित्राची खालची कड २३ इंचांवर आली असती. टॅब-टेन्शन घेतलीत तर त्याच मापाची मागवू. साधीच ठेवायची असेल तर मोठ्या पट्टीचं कापड आमच्या खर्चाने बदलून देऊ.

पडण्याची भीती नको. वजन फॉल्स सीलिंगच्या जिप्समवर नाहीच. केसिंग आठ मिलिमीटरच्या आटे पाडलेल्या सळ्यांवर थेट आरसीसी स्लॅबमधल्या अँकर फास्टनरना (भोकात फुलून घट्ट बसणाऱ्या बोल्टना) टांगलेलं आहे. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंतीत साधा अँकर मारला असता तर तुमची शंका रास्त होती, कारण तो फुलताना ब्लॉकचाच भुगा होतो.

लेव्हल त्या सळ्यांच्या नटांवरच सुधारता येते, सीलिंग फोडावं लागणार नाही. मोटरच्या टोकाशी सीलिंगमध्ये ठेवलेलं झाकण उघडलं की पुरतं. आम्ही फोन करून येऊ, त्याचे पैसे घेणार नाही.

तोपर्यंत चित्र खाली आणायला मोटरच्या टोकाचे दोन लिमिट स्क्रू (पडदा वर-खाली कुठे थांबायचा ते ठरवणारे) कोणाला फिरवू देऊ नका. इलेक्ट्रिशियन ‘एक मिनिटाचं काम’ म्हणेल, पण रोलरवर कापडाचे दोन-तीन वेढे उरलेच पाहिजेत. ते संपले की सगळं वजन चिकटवलेल्या कडेवर येतं आणि कापड उखडतं, किंवा रोलर उलटा गुंडाळायला लागतो.