टोमॅटोची कानटोपी

पुण्यात थंडी नुसती सोसायची नसते, मिरवायची असते. सिमला ऑफिसनं (म्हणजे पुण्याच्या वेधशाळेनं) शिवाजीनगरचा पारा ९ सांगितला, की पाषाणकर लगेच म्हणणार, "हॅ! आमच्याकडे ८!" त्या भरात मी गच्चीवरचं पॉलिहाऊस (चार पाइप, २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, रुबाब मात्र तळेगावच्या फुलशेतीचा) चहूबाजूंनी चिमटे लावून बंद केलं. आत टोमॅटोची बारा रोपं. लेकरांना गारठा नको.

आठव्या दिवशी आत शिरलो तर चष्म्यावर धुकं. छताचे थेंब टपटप पानांवर. एका पानाच्या कडेला तेल सांडल्यासारखा काळपट डाग. उलटून पाहिलं तर खाली पांढरी लव.

शेजारचे नाना कृषी खात्यातून निवृत्त. पान नाकाशी धरून म्हणाले, "उशिरा येणारा करपा."

"उशिरा कसला नाना? अजून एक फळ धरलं नाही!"

"नाव आहे ते. आणि ही खरी बुरशीसुद्धा नव्हे, शेवाळाच्या गोतावळ्यातली. १८४५ साली आयर्लंडचा बटाटा हिनंच बुडवला. गारवा आणि ओल, एवढंच लागतं तिला. थंडी रोपांना नाही बाधली, तुमची कानटोपी बाधली."

मग फर्मानं सुटली. ऊन चढलं की बाजू वर गुंडाळा. पाणी सकाळीच, तेही बुडाशी. खालची पानं छाटा, रोगट पानं घराबाहेर. (मी ती कालच खताच्या ड्रममध्ये घातली होती. बोललो नाही.) आणि उरलेल्या रोपांवर बोर्डो नावाचं औषध मारा: १० ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), १० ग्रॅम चुना, लिटरभर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करायचं आणि लोखंडी पातं बुडवून बघायचं. तांबूस झालं तर चुना कमी पडला.

घरात लोखंडी पातं एकच. विळीचं.

तांबूस झालं. तेवढ्यात बायको गच्चीवर आली.

"ही माझ्या आईची विळी आहे."

बादलीतला चुना वाढवता आला. पुढचं मात्र नानांनाही निस्तरता येईना. विषय बदलायला ते म्हणाले, फ्रान्समध्ये बोर्डोचे मळेवाले हे निळं पाणी रस्त्याकडेच्या वेलींवर मारायचे, द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून. त्याच वेली रोगातून वाचल्या, तेव्हा औषधाचा शोध लागला.

माझी पाच रोपं वाचली. फळंही धरली, निळ्या ठिपक्यांची. "दोनच घेते हं" म्हणत ओंजळभर नेणाऱ्या खालच्या काकू परवा गच्चीवर आल्या, टोमॅटोकडे टक लावून पाहिलं आणि नुसतेच कपडे वाळत घालून गेल्या.

बायको अजून मंडईतूनच आणते. चिरते सुरीनं.