एका स्टारच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर: सोटो वर का होता?

नमस्कार.

आम्ही फँटसी बेसबॉलची (म्हणजे मेजर लीग या अमेरिकन स्पर्धेतले खरे खेळाडू निवडून आपली टीम करायची आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे) खेळाडूंची क्रमवारी पैसे घेऊन देतो. तिच्यावरचा तुमचा रिव्ह्यू जुलैत आला तेव्हाच वाचला होता. उत्तर आत्ता, २०२५ चा सीझन संपल्यावर देतोय. तेव्हा दिलं असतं तर तुमचं म्हणणं विरुद्ध माझं म्हणणं, एवढंच झालं असतं. आता निदान आकडे सगळ्यांच्या पुढ्यात आहेत.

इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. मेअखेरीस आमच्या फलंदाजांच्या यादीत मेट्सचा हुआन सोटो सातवा होता आणि कब्सचा पीट क्रो-आर्मस्ट्राँग एकोणिसावा. सोटोचं ॲव्हरेज (दर पाळीमागे हिटचं प्रमाण) .२३० च्या आसपास घुटमळत होतं. क्रो-आर्मस्ट्राँग तिकडे होम रनही मारत होता आणि बेसही चोरत होता, म्हणजे कोणी फटका मारायच्या आधीच पुढच्या बेसवर धावत होता. तुमच्या लीगमधला एकजण दोघांची सरळ अदलाबदल करायला तयार होता. आमची यादी बघून तुम्ही नको म्हणालात आणि ऑल-स्टार ब्रेकपर्यंत (जुलैच्या मध्यातली सुट्टी) हात चोळत बसलात. वर लिहिलंत, ‘आयपीएलमध्ये शेंबडं पोरसुद्धा फॉर्म बघून टीम लावतं, हे लोक पैसे घेऊन फॉर्म बघत नाहीत.’ शिवाय यादी दर सोमवारी बदलते, पॉइंट्स लीगला (जिथे प्रत्येक कृतीला ठरलेले गुण असतात) उपयोगाची नाही, तिथे लुईस अराएझ बराच वर हवा होता, आणि असलं सगळं नेटवर फुकट मिळतं.

फॉर्मचं आधी बोलू, कारण न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींच्या ऑफिस लीगमधून मला सगळ्यात जास्त विचारणा याचीच होते. आयपीएलची टीम तुम्ही आजच्या मॅचपुरती लावता. इथे १६२ सामने आहेत आणि फलंदाजाला दिवसाला चार-पाच वेळा बॅट हातात मिळते. १०० ॲट-बॅटमध्ये (ॲव्हरेजसाठी मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) २५ हिट मारणारा .२५० चा आणि ३० मारणारा .३०० चा. दोघांमधला फरक पाच हिटचा. त्यातले दोन सेकंड बेसमनच्या डोक्यावरून अलगद पडलेले असतात आणि एखादा शॉर्टस्टॉपच्या ग्लव्हला चाटून गेलेला. महिन्याभराच्या ॲव्हरेजवरून खेळाडू ‘फॉर्मात’ ठरवायचा म्हणजे या चार-पाच चेंडूंच्या भरवशावर ट्रेड करायचा. मी करत नाही, गिऱ्हाइकालाही करा म्हणत नाही.

याचा अर्थ आम्ही चालू सीझनकडे डोळेझाक करतो असा नाही. बघतो, पण दुसऱ्या खिडकीतून. मेअखेरच्या त्या सोमवारी सोटोच्या ओळीत काय होतं ते सांगतो. वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळालेला बेस) नेहमीसारखे भरपूर. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) वाढलेले नाहीत. बॅटला लागलेल्या चेंडूंपैकी निम्म्याहून जास्त ताशी ९५ मैलांच्या वर सुटलेले. स्टॅटकास्ट या मेजर लीगच्या मोजमाप यंत्रणेत यालाच हार्ड-हिट म्हणतात. म्हणजे नजर शाबूत, हात शाबूत, फक्त चेंडू थेट क्षेत्ररक्षकांच्या हातात जात होते. असा फलंदाज विकायचा नसतो. दुसऱ्याने वैतागून विकायला काढला तर घ्यायचा असतो.

क्रो-आर्मस्ट्राँगच्या ओळीत उलट चित्र होतं. ताकद खरी, वेग खरा, पण बाहेरच्या चेंडूंमागे बॅट घेऊन धावायची सवय मोठी आणि वॉकचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आतबाहेर. पिचर मंडळी अशी सवय फार काळ नजरेआड करत नाहीत. एकोणिसावा नंबर हा काही त्याचा अपमान नव्हता. १२ टीमच्या लीगमध्ये तो दुसऱ्या फेरीत घ्यायचा माणूस झाला. फक्त तो सोटोच्या वर नव्हता.

आणि खरा मुद्दा हा की आमची यादी ‘आजवर कोणी काय केलं’ याची नाहीच. ती ‘इथून पुढे कोण काय देईल’ याची आहे. क्रो-आर्मस्ट्राँगने एप्रिल-मेमध्ये जे होम रन मारले ते तेव्हा तो ज्याच्या टीममध्ये होता त्याच्या खात्यात जमा झाले. ट्रेड केल्यावर ते तुमच्याकडे येत नाहीत. तुम्हाला मिळतात ते उरलेले १०० हून जास्त सामने. तुम्ही ज्या यादीशी आमची तुलना केलीत, ती लीगच्या ॲपमधली आजवरच्या कामगिरीची यादी होती. तिच्यावरून ट्रेड करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

ब्रेकपर्यंत क्रो-आर्मस्ट्राँगचे २५ होम रन आणि २७ चोरलेले बेस झाले होते. सीझन संपला तेव्हा ३१ आणि ३५, ॲव्हरेज .२४७. म्हणजे ब्रेकनंतर सहा होम रन आणि आठ बेस. सोटो संपला तो ४३ होम रन, १०५ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे टीमला मिळालेल्या धावा), १२० रन्स, ३८ बेस आणि .२६३ वर. तुम्ही रिव्ह्यू लिहिलात तोवर त्याचा जून होऊन गेला होता, ज्यात तो नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) महिन्याचा खेळाडू ठरला. तुम्ही ट्रेड केला नाहीत, म्हणजे ते सगळं तुमच्याच खात्यात पडलं. रिव्ह्यू मात्र तसाच राहिला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या ३८ बेसचं श्रेय यादीला नाही. त्याआधी सोटोने एका सीझनमध्ये सर्वांत जास्त चोरले होते १२. मेट्सचा तेव्हाचा फर्स्ट बेस कोच अँटोन रिचर्डसन याच्याबरोबर त्याने पिचरच्या हालचालींवर काम केलं, आणि फारसा वेगवान नसलेला हा माणूस नॅशनल लीगमध्ये चोऱ्यांच्या बाबतीत संयुक्तपणे अव्वल जागी जाऊन बसला. २०२३ पासून बेस मोठे झाले, पिचरने बेसकडे किती वेळा फेकायचं याला मर्यादा आली, त्यामुळे हे शक्य झालं. तरी ३८! कुठल्याच गणितात ते नव्हतं. त्याचप्रमाणे वॉशिंग्टनचा जेम्स वूड. चेंडू दणकून मारणारा, ब्रेकपर्यंत २४ होम रन, आमच्या यादीत वर. ब्रेकनंतर सात, आणि सीझनभरात २२१ स्ट्राइकआउट. यादी शक्यता सांगते, भविष्य सांगत नाही. भविष्यच हवं असेल तर ती सेवा दुसरीकडे, अंगठ्यांसकट मिळते.

यादी दर सोमवारी बदलते हा आरोप वाचून मात्र हसू आलं. न बदलणाऱ्या यादीचे मी पैसे कशाला घेऊ? रफाएल डेव्हर्सचंच बघा. बोस्टनकडून पहिल्या पाच सामन्यांत १५ स्ट्राइकआउट, एक हिट नाही. लोक त्याला ड्रॉप करायला निघाले. आमच्याकडे तो जेमतेम दोन जागा खाली आला. पण १५ जूनला त्याचा ट्रेड सॅन फ्रान्सिस्कोला झाला आणि तेव्हा खरोखर आकडे हलवावे लागले. तिथलं मैदान डावखुऱ्यांच्या होम रनना जड, उजवीकडची भिंत उंच. मग जुलैत तो फर्स्ट बेसला उभा राहू लागला, म्हणजे पुढे कुठल्या स्लॉटमध्ये (फँटसी टीममधली जागा) बसवता येईल तेही बदललं. शेवटी ३५ होम रन आणि १०९ आरबीआय. मार्चच्या हिशोबाने बघितलं तर तो पाच दिवसांत फुकट गेलेला खेळाडू होता.

बॅटिंग ऑर्डरचंही तसंच. एक जागा खाली गेलं की सीझनभरात साधारण १५ ते १८ प्लेट अपिअरन्स (बॅटिंगच्या पाळ्या) कमी होतात. २०२४ मध्ये मेट्सचा फ्रान्सिस्को लिंडोर १८ मेपासून लीडऑफला (सगळ्यात आधी बॅटिंगला) येऊ लागला, तेव्हा त्याचं ॲव्हरेज बघवत नव्हतं. आम्ही त्याच आठवड्यात त्याला वर सरकवला. अशा गोष्टी सोमवारी बदलणार नाहीत तर कधी?

पॉइंट्स लीगचं म्हणाल तर यादी उघडल्यावर पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं की समोर दिसतेय ती १२ टीमच्या रोटो लीगची (जिथे प्रत्येक रकान्यात टीमच्या क्रमांकावरून गुण मिळतात), रन्स, होम रन, आरबीआय, बेस आणि ॲव्हरेज धरून. शेजारच्या बटणाने ती बदलते. फरक मोठा पडतो. लुईस अराएझ २०२५ च्या अख्ख्या सीझनमध्ये फक्त २१ वेळा स्ट्राइकआउट झाला आणि होम रन मारले फक्त आठ. रोटोमध्ये तो एकाच रकान्याचा धनी. स्ट्राइकआउटला वजा गुण असलेल्या लीगमध्ये तोच माणूस कितीतरी वर चढतो. तुम्ही अराएझबद्दल जे लिहिलंत ते तुमच्या लीगपुरतं बरोबर आहे, आणि बटण दाबल्यावर यादीही तेच सांगते.

राहिला फुकटचा मुद्दा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आकडे फुकटच आहेत. बेसबॉल सॅव्हंट उघडा, फॅनग्राफ्स उघडा, हार्ड-हिटपासून धावण्याच्या वेगापर्यंत सगळं मिळेल. ज्याला रविवारची रात्र त्यात घालवायची हौस आहे त्याने आमच्याकडे येऊच नये, असं मी फोनवरही सांगतो. पैसे आम्ही ती रात्र घालवण्याचे घेतो.

सीझन संपल्यामुळे फी परत करता येणार नाही. ते नियमांत आहे आणि तुम्ही मागितलेलीही नाही. रिव्ह्यू काढा असंही म्हणणार नाही. पुढच्या मार्चमध्ये परत यायचं ठरवलंत तर ड्राफ्टच्या आठवडाभर आधी तुमच्या लीगचे नियम पाठवा: वॉकला गुण किती, स्ट्राइकआउटला वजा आहेत का, कॅचर एक की दोन, युटिलिटी स्लॉट (कुठलाही फलंदाज बसवता येतो अशा जागा) किती. तुमची यादी पहिल्या दिवसापासून त्याच हिशोबाने उघडेल, बटण शोधावं लागणार नाही.